वाफेवरचे धोंडे

हॉटेलात कसं जेवायचं, हे मला कुणी शिकवू नये. तीस वर्षं एस्टीत काढली, आधी कंडक्टर, मग कंट्रोलर. नायगावच्या स्टँडसमोरचा मुरमुऱ्यांचा सुशीला, भोकरचे मिरचीचे भजे, निलंग्याचा राईस, मुखेडला बाजारच्या दिवशी कढईतून निघणारी गरम शेव, सगळं या पोटानं पाहिलंय. त्यामुळं हॉटेलात शिरल्याबरोबर मला कळतं. पाणी ठेवताना वाढप्याची बोटं गिलासाच्या आत असली की उठायचं. कापलेला कांदा काळा पडला असला की उठायचं. आन मालक गल्ल्यावर बसून घरचा डबा खात असला तर तिथं बसायचंच न्हाई.

माझी बायको सिंधु मात्र बाहेरचं पाणीसुद्धा पीत न्हाई. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. एकदा हॉटेलात नेली होती, तर चहाचा एक घोट घेऊन म्हणली, "भांडं नीट घासलेलं न्हाई." तेव्हापासून मी एकटाच हॉटेलात जातो आन घरी येऊन पुन्हा जेवतो. न जेवून जातो कुठं?

अशा बाईचा उजवा हात मे महिन्यात मोडला. गच्चीवर पापड वाळत घालायला गेली आन उतरताना पाय घसरला. मनगटाचं हाड. डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवडे हात हलवायचा न्हाई म्हणाले. आन नेमका तवाच धोंड्याचा महिना लागला.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांनी एकदा येणारा. या महिन्यात आमच्याकडं लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. कणकेच्या पारीत पुरण भरायचं, तोंड बंद करायचं, वाफवायचं, वर तुपाची धार. जावयाला टिळा, कपडे आन तेहतीस धोंड्यांचं वाण. आमच्या पुनमच्या लग्नाला दोन वर्षं झालेली, तिचा हा पहिलाच धोंडा. तिकडं लातूरला तिच्या जावेच्या माहेरच्यांनी महिना लागल्या लागल्या दणक्यात धोंडा केला, असं कानावर आलं. पुनम फोनवर त्याबद्दल एक शब्द बोलली न्हाई. "बोलली न्हाई ना, म्हणूनच मला तिच्या मनातलं कळलं," सिंधु म्हणली.

आता माझी चूक सांगतो. आमचे जावई भारतराव लातूरला दाळमिलमध्ये सुपरवायझर. बोलणं कमी, रविवारशिवाय सुट्टी न्हाई. त्यांचा फोन आला, मामींचा हात कसा हाय विचारायला. मी म्हणलं, "हाताला काय झालंय! या रविवारी दोघं धोंड्याला या. सगळी तयारी झाली." तयारी कशाची! घरात खिचडी मी लावत होतो, आन तीपण रोज बुडाला लागत होती. फोन ठेवून वळलो, तर मागं सिंधु उभी.

"कोण करणार धोंडे?"

"करू की."

"कोण? तुम्ही?"

मी मदतीला माणूस शोधायला लागलो. शेजारच्या कावेरीबाई स्वतःच्याच लेकीकडं गेलेल्या. पोळ्या लाटून देणाऱ्या बायांना फोन लावले, तर एकीलाही सवड न्हाई. या महिन्यात अख्ख्या नांदेडात जावईच जावई. मी म्हणलं, पुनम आली की करील. तर सिंधु कडाडली, "लेकीनं आपल्याच धोंड्याचं पुरण शिजवायचं? मग तिला बोलावता कशाला?" पुढं ढकलावं, तर महिना संपून राहिला होता. मग तीन वर्षं वाट बघा.

"माझ्या लेकीची मान खाली जाईल वो," ती म्हणली आन पदरानं डोळे पुसायला लागली. हाड मोडलं तवा ही बाई रडली न्हाई. मला काही सुचेना, आन सुचेना की मी मोठ्यानं बोलतो, ही माझी जुनी खोड हाय.

"नांदेडात शंभर हॉटेल हायत! एका तरी हॉटेलात धोंडे होतील. जावयाला तिथं जेवू घालू, थाटात."

"धोंडा, आन हाटेलात?" ती म्हणली आन आत निघून गेली. नको म्हणली न्हाई, एवढं मी पकडून ठेवलं.

सोमवारी स्टेशनकडच्या एका थाळीवाल्याकडं गेलो. बाहेर पाटी, 'घरगुती जेवण'. घरगुती म्हणायला तिथं एकच गोष्ट होती, आतून नवरा-बायकोच्या भांडणाचा आवाज येत होता. वांग्याची भाजी बरी होती, तिखट, कूट घातलेली. वरण म्हणजे हळदीचं पाणी. पुरणपोळी मागवली, तर वाढप्यानं ती फ्रीजमधून काढली, मशीनमध्ये फिरवली आन आणून आदळली. वरून चटका बसतोय आन आत पुरण गारढोण. मी मालकाला बोलावलं. म्हणलं, "आवो, धोंडे कराल का रविवारी?" तो म्हणला, "काका, रविवारी श्रीखंड हाय." म्हणलं, ठेव तुझं श्रीखंड तुलाच.

मंगळवारी भाग्यनगरच्या एसीवाल्या फॅमिली हॉटेलात गेलो. आत एवढा अंधार, की मला वाटलं लाईट गेली. मेनूकार्ड मागितलं तर टेबलावर चिकटवलेला एक काळा-पांढरा चौकोन दाखवला. "स्कॅन करा सर." म्हणलं, बाबा, मी जेवायला आलोय, पार्सल सोडवायला न्हाई. शेवटी त्यानंच वाचून दाखवलं. पनीर नऊ नावांचं. दोन मागवली, दोन्हींची चव एकच, गोडसर, लाल. तरीपण खरं सांगतो, खुर्ची लई मऊ होती आन उन्हातून गेल्यावर तो गारवा असा लागला, की मी उगीच तासभर बसलो. मॅनेजर लाघवी होता. धोंड्याचं सगळं ऐकून घेतलं आन म्हणला, "सर, आम्ही पुरणपोळी आईस्क्रीमसोबत देऊ, वर चॉकलेट टाकून." मी त्याला हात जोडले. वाद घालायचीसुद्धा एक जागा असती.

बुधवारी एकानं सांगितलं, म्हणून लातूर रोडच्या ढाब्यावर गेलो. आन काय सांगू बाप्पा! ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात, पिठलं भुरभुरीत, ठेचा असा की कानातून धूर निघावा. बाजंवर मांडी घालून तीन भाकरी कधी गेल्या कळलं न्हाई. कशासाठी आलो तेच विसरलो. हात धुताना आठवलं आन आत डोकावलो, तर पिठल्याशेजारी मटणाचं पातेलं. धोंड्याचं नावसुद्धा न काढता परत फिरलो. घरी आलो तर सिंधु दारातच.

"मिळालं का हाटेल?"

"न्हाई ना. दिवसभर उपाशी हिंडलो."

"मिशीला ठेचा लागलाय," ती म्हणली आन टीव्ही लावला.

गुरुवारी माझी सगळी मिजास उतरली होती. आनंदनगरात दोन ठिकाणी 'न्हाई' ऐकून एका लहानशा दुकानापुढं सावलीला उभा राहिलो. आत सहा टेबलं आन पाटीवर मोमोचं चित्र. मोमो मी कधी खाल्ला न्हाई. पोरं-पोरी खातात ते चायनीज, एवढंच ठाऊक. तेवढ्यात मालकानं भल्या मोठ्या भांड्याचं झाकण उचललं. वाफेचा लोट बाजूला झाला, तर आत कणकेसारख्या पारीचे भरलेले गोळे, तोंडं बंद केलेले, वाफवलेले, गोल मांडून ठेवलेले.

मी रस्त्यावरूनच ओरडलो, "आरं, हे तर धोंडे!"

मालक दचकला. मग हसला. "बर्री काका, आत बर्री," त्यानं कानडीत आत बोलावलं. त्याचं नाव चन्नबसप्पा, देगलूरकडचा. चार वर्षं बंगळुराला मोमो वळायला शिकला आन इथं येऊन दुकान टाकलं. लिंगायत माणूस, दुकानात अंडंसुद्धा येऊ देत न्हाई. पाणी दिलं, बोटं गिलासाच्या बाहेर. मोमो दिला, आत कोबी होता, पण पारी काय पातळ! मी चार खाल्ले आन त्याला सगळं सांगितलं, सिंधुचा हात, पुनम, रविवार. तो मान हलवत ऐकत होता.

"आमच्या घरी कडबू करतात काका, तेबी पुरणाचंच. करतो की. पण आक्कानं येऊन दाखवायला पायजे. देवाचं काम हाय, चुकायला नको."

हे सिंधुला सांगणं म्हणजे अवघड घाट. मी मोमो हा शब्दच टाळला. म्हणलं, एक वाफेवरच्या पदार्थांचा कारागीर हाय. शुक्रवारी तिला रिक्षातून घेऊन गेलो. तिनं पाटी वाचली, माझ्याकडं बघितलं. "चायनीजच्या दुकानात माझ्या लेकीचा धोंडा करता का?" रस्त्यावरची चार माणसं थांबली. चन्नबसप्पा बाहेर आला, वाकून तिच्या पाया पडला आन म्हणला, "आक्का, आधी भांडी बघा. न्हाई पटलं तर मीच रिक्षा बोलावतो."

भांडी बघा म्हणल्यावर सिंधु थांबती का? आत गेली. डाव्या हाताचं बोट पातेल्यांच्या बुडावरून फिरवलं. भांडं उलटं करून बघितलं. ओट्याखाली वाकली. मी बाहेर देवाचं नाव घेत बसलो. धा मिनिटांनी आतून आवाज आला, "मैदा चालायचा न्हाई! कणीक आणा!" आन मला कळलं, की गाडी फलाटाला लागली.

मग माझं काम फक्त सामान आणायचं. हरभऱ्याची दाळ, गूळ, जायफळ, तूप. पहिला घाणा फुटला, पुरण सैल झालेलं, सगळ्या भांड्यात पसरलं. सिंधु चन्नबसप्पावर ओरडली, मग माझ्यावर ओरडली, मी तर नुसता दारात उभा होतो. दुसऱ्याला पुरण घट्ट शिजवलं आन धोंडे उभे राहिले. फक्त एक भानगड. चन्नबसप्पाच्या बोटांना सवय लागलेली, प्रत्येक धोंड्याच्या तोंडाला तो बारीक बारीक चुण्या घालायचा.

"धोंड्याला झालर कशाला?"

"हातच तसा चालतो आक्का. झालर न घालता वळला तर उघडतोय बघा."

सिंधुनं एक धोंडा उचलून निरखला. "राहू दे. पाव्हण्याच्या ताटात चांगली दिसती." नैवेद्याआधी तिनं काही चाखलं न्हाई, वासावरच सगळं चाललं. चाखायचं काम माझ्याकडं. सहा चाखले.

रविवारी बाराच्या सुमाराला लेक-जावई आले. हॉटेलात धोंडा म्हणल्यावर पुनमचं तोंड जरा उतरलेलं होतं. पण चन्नबसप्पानं सकाळीच दुकान धुवून काढलेलं, दाराला आंब्याची पानं, मधल्या टेबलांना नवी चादर. सिंधुनं घरून समई आन देव आणले होते. गल्ल्याशेजारी देव मांडले, नैवेद्य दाखवला. पुनमनं मायकडं बघितलं, आन तिच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरलं. जावयाला टिळा लावायचं काम सिंधुनं मला दिलं, तिच्या हाताला बोटांपर्यंत प्लास्टर. मोमो खायला आलेल्या क्लासच्या तीन पोरी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यातली एक म्हणली, "दादा, हे कोणते मोमो? एक प्लेट आम्हालापण." चन्नबसप्पा म्हणला, "हे फक्त जावयाला मिळतात. आधी लग्न करा, नवऱ्याला घेऊन या." पोरी खिदळत एका टेबलावर बसल्या.

ताटं वाढली. झालरीचे पाच धोंडे, वर तूप, बाजूला कटाची आमटी, भजे, कुरडई, आमरस. भारतरावांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. आन मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"घ्या जावई, निवून चाललंय," मी म्हणलं.

हात हलेना. आता आमच्याकडं जावयानं ताटावर बसून हात आखडला, की त्याचा एकच अर्थ. जावई रुसला. काहीतरी मान पायजे, अंगठी न्हाईतर घड्याळ. माझं डोकं फिरलं. चार दिवस पायपीट केली, आन हा माणूस भरल्या ताटावर रुसून बसतो? पण दात-ओठ आवळून कपड्यांचं पाकीट पुढं केलं. त्यांनी ते कपाळाला लावून बाजूला ठेवलं. वाणाची पितळी डबी पुढं केली, तेहतीस धोंड्यांची. तीपण बाजूला. हात पुन्हा मांडीवर.

"काय पायजे ते तोंडानं सांगा की!" मी बोलून गेलो. पुनम "आण्णा!" म्हणून ओरडली. सिंधुच्या तोंडाचं पाणी पळालं. एवढा सगळा खटाटोप, आन लेकीचा धोंडा असा भांडणात जाणार.

भारतराव लाजले. आधीच बोलायची मारामार. "मला काही नको, मामा," ते म्हणले. "मामी मघापासून उभ्याच हायत. त्यांच्या हाताला लागलंय, तरी सगळं केलं. त्या बसून जेवल्याशिवाय मी घास उचलणार न्हाई."

मला एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सिंधु जास्तच घाबरली. "मी मागून घरी जेवते. तुम्ही बसा ना." पुनमनं तिला ओढून खुर्चीवर बसवलं, पुढं ताट ठेवलं. म्हणली, "आई, चमचा घे, डाव्या हातानं खा, काय होतंय?" सिंधु म्हणली, "धोंड्याच्या ताटात डावा हात घालू?" आन मान खाली घालून बसून राहिली. ताट पुढं, हात मांडीवर. सासू आन जावई, दोघंबी तसेच. आमटीवर साय धरायला लागली.

आता जे कुणालाच ठाऊक न्हाई ते सांगतो. चार आठवडे सिंधुला घरात मीच भरवत होतो. समोरचं दार लावून, खिडकीचा पडदा ओढून. पहिल्या दिवशी ती इतकी लाजली, की घास तोंडात घेऊन भिंतीकडं बघत बसली. मग मला शपथ घातली, कुणाला कळता कामा नये, लेकीलासुद्धा न्हाई. छत्तीस वर्षं जिनं मला गरम वाढलं आन स्वतः मागून गार खाल्लं, तिला नवऱ्याच्या हातचा घास घ्यायची शरम वाटत होती. आन मलापण वाटत होती, खोटं कशाला बोलू. कंट्रोलर माणूस मी, अख्ख्या स्टँडवर ज्याचा आवाज, तो बायकोला भरवतो म्हणल्यावर लोक काय म्हणतील!

मी उठलो. हात धुतले. खुर्ची ओढून सिंधुच्या शेजारी बसलो. तिला कळलं, तशी ती डोळ्यांनीच 'न्हाई, न्हाई' म्हणायला लागली. मी धोंडा फोडला, तुपात बुडवला आन घास तिच्या तोंडापुढं धरला. पुनम बघत होती. जावई बघत होते. त्या तीन पोरींनी खुर्च्या वळवल्या. चन्नबसप्पा झारा हातात घेऊन दारात उभा. तूप माझ्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत चाललं होतं.

"शपथ मोडली मी," मी हळू म्हणलं. "आता तोंड उघड, न्हाईतर जावई उपाशी जातो."

तिनं डोळे मिटले आन तोंड उघडलं. सावकाश चावून चावून खाल्लं. भारतरावांनी तवा कुठं धोंड्याला हात लावला, आन पुनम पदर तोंडाला लावून रडत होती, हसत होती, काय करत होती कोण जाणे.

मी सिंधुच्या तोंडाकडं बघत होतो. छत्तीस वर्षांत तिनं हॉटेलातला पहिला घास खाल्ला होता. मला वाटलं, आता म्हणंल भांडं नीट घासलेलं न्हाई.

तिनं डोळे उघडले. सगळ्यांकडं एकदा बघितलं, लेकीकडं, जावयाकडं, त्या पोरींकडं. आन मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणली, "बघत काय बसलाय? दुसरा घास द्या. गरम हाय तवर."